‘नाक्यावर किट लावा, भोपाळ कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

बर्ड फ्लूच्या तपासणीवरच्या मागच्या लेखाखाली म्हापशाच्या एका वाचकांनी मला चांगलंच फैलावर घेतलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारं अँटिबॉडीचं किट बाजारात मिळतं, कोविडमध्ये तसलंच किट चाललं. मग बेळगावहून येणारे कोंबड्यांचे ट्रक केरी आणि मोलेच्या नाक्यावर तपासायचे सोडून नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत का धाडायचे? ही सरकारी दिरंगाईची वकिली झाली. आणि परदेशी कंपन्या थेंबभर अँटिबॉडीचे हजारो रुपये घेतात, त्यावर लेखात अवाक्षर नाही.

साहेब, पैशांचं तुमचं म्हणणं रास्त आहे, त्यावर येतोच. नाक्याचं मात्र पटत नाही.

अशा किटमधली अँटिबॉडी बहुधा विषाणूच्या एनपी या प्रथिनाला धरते. हे प्रथिन विषाणूच्या आत, आरएनएला लगडून असतं आणि इन्फ्लुएन्झा ए-च्या, म्हणजे बर्ड फ्लू ज्यात मोडतो त्या विषाणूच्या, सगळ्या प्रकारांत जवळपास सारखं असतं. किट बनवणाऱ्याला तेच सोयीचं, कारण एकच अँटिबॉडी सगळ्यांना पुरते. पण मग उमटलेली रेघ इतकंच सांगते की हा इन्फ्लुएन्झा ए आहे. बर्ड फ्लूचा घातक एच५एन१ आहे की एच९एन२, हे ती सांगत नाही. एच९एन२ हा कमी घातक प्रकार देशातल्या पोल्ट्रीत वर्षानुवर्षं फिरतोय. त्याच्या रेघेवर ट्रक अडवत बसलात तर चतुर्थी-नाताळच्या तोंडावर काय गोंधळ होईल, ते मी सांगायला नको.

रेघ उमटली नाही तर? तेव्हाही सुटका नाही. रेघ दिसायला नमुन्यात विषाणू भरपूर लागतो. आरटी-पीसीआर त्याच्या कितीतरी कमी विषाणूवर बोलते. लागण होऊन एखादाच दिवस झालेली, दिसायला धडधाकट कोंबडी किटला सहज चकवते. शिवाय ट्रकमधले दोन-चार पक्षी तपासून शितावरून भाताची परीक्षा होत नाही, लागण सगळ्यांना एकदम झालेली नसते. कोविडचं म्हणाल तर, लक्षणं असून अँटिजेन चाचणी, म्हणजे ही किटची चाचणी, निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा, असं तेव्हा आयसीएमआरच सांगत होती.

मग एच५ ओळखणारी अँटिबॉडी वापरा, असं तुम्ही म्हणाल. तशी मिळते, पण ती विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एचए प्रथिनाला धरते आणि हेच प्रथिन सतत बदलतं. कॅटलॉगमध्ये ‘एच५एन१’ एवढंच लिहिलेलं असलं तरी ती अँटिबॉडी कुठल्या विषाणूवरून काढली हे बघावं लागतं. २००४ च्या व्हिएतनामी विषाणूवरून काढलेल्या पुष्कळ आहेत. सध्या जगभर पसरलेल्या २.३.४.४बी शाखेला त्या धरतीलच, हे गृहीत धरता येत नाही. अँटिबॉडी पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावर काढलेली असेल तर आणखी एक भानगड. वेस्टर्न ब्लॉट या प्रयोगशाळेतल्या चाचणीत प्रथिन उलगडलेलं असतं, तिथे ती झकास चालते. अखंड, घडी घातलेल्या विषाणूसमोर तीच अँटिबॉडी कधी कधी ढिम्म हलत नाही.

आणि एच५ ठरला तरी तो अतिघातक आहे का, हे एचए-च्या एका ठरावीक जागी कोणती अमिनो आम्लं आहेत त्यावरून कळतं. त्यासाठी जनुकीय क्रम वाचावा लागतो. भोपाळची प्रयोगशाळा लागते ती यासाठी. रोग पक्का झाला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारावे लागतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला, देशातल्या पहिल्या प्रादुर्भावात, पक्षी असे सरसकट मारलेले आपण पाहिलेत. एखाद्याचं अख्खं शेड रेघेच्या भरवशावर पुरायचं का?

किटला मी टाकाऊ म्हणत नाही. एखाद्या फार्मवर पटापट पक्षी मरू लागले तर मेलेल्या पक्ष्याच्या नमुन्यावर ते लावावं. तिथे विषाणू भरपूर असतो, आणि रेघ आली तर नुसत्या रानीखेतवर, म्हणजे कोंबड्यांच्या दुसऱ्या एका साथीच्या रोगावर, संशय घेऊन वेळ जात नाही. नमुना तरीही पुढे जायलाच हवा.

आता पैसे. परदेशी अँटिबॉडी विकत घेण्याऐवजी ती इथेच काढता येईल. एनपी प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवता येतं, जिवंत विषाणूला हात लावावा लागत नाही. गोवा विद्यापीठात किंवा झुआरीनगरच्या बिट्समध्ये अशक्य वाटावं असं हे काम नाही. उंदीर-सशांवाचूनही भागेल. कोंबडीला ते प्रथिन टोचलं की ती अँटिबॉडी अंड्याच्या बलकात साठवते, एका बलकात पन्नास ते शंभर मिलिग्रॅम आयजीवाय, म्हणजे कोंबडीची अँटिबॉडी, मिळतं. (त्यातली एनपीला धरणारी थोडीच, तरीही महिनाभरात अंडी किती होतात बघा.) अडचण आहे ती एच९एन२ ची. बाजारातल्या कोंबडीत त्याच्या अँटिबॉडी आधीपासून असू शकतात. त्यामुळे टोचण्याआधीचं अंडं तपासून बाजूला ठेवायला हवं, नाहीतर मोजलं ते कशाचं हेच कळणार नाही.

तुम्ही ज्या किटबद्दल लिहिलंत त्याचं माहितीपत्रक हाताशी असेल तर त्याचा फोटो खाली टाका. कुठलं प्रथिन, कुठला विषाणू आणि कमीत कमी किती विषाणू लागतो, एवढं त्यात सापडलं तरी आपल्याला पुढे बोलता येईल.