सोयीचा नमुना

आमच्या कॉलेजात ऑनर्सचं चौथं वर्ष सुरू झालं आणि 'संशोधन पद्धती' हा पेपर माझ्या गळ्यात पडला. पडला म्हणजे, विभागाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा मी चहा सांगायला बाहेर गेले होते. परत आले तोवर इतिवृत्तात माझं नाव चढलं होतं.

'ऑनर्स विथ रिसर्च' हे नाव मुलांना भारी आवडतं. 'पावभाजी विथ चीज' म्हणावं त्या सुरात म्हणतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या आराखड्यात त्यासाठी अट आहे, पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के. खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे ७५ टक्के कुणाला पडतात? ज्यानं तीन वर्षं तोंडातून शब्द न काढता गाइडातली उत्तरं जशीच्या तशी उतरवली, त्याला. मागच्या बाकावरून 'पण मॅडम, असं का?' म्हणून माझा तास खाणारा तो पोरगा ६२ वर अडकला आणि आता वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. थोडक्यात, ज्यांना जन्मात प्रश्न पडला नाही अशी अकरा मुलं निवडून माझ्यापुढे बसवली आणि सांगितलं, यांना १२ क्रेडिटचा प्रश्न पाडा.

पहिल्या तासाला विषय मागितले. अकरापैकी सात जणांचा एकच होता: 'सोशल मीडियाचा तरुणाईवर होणारा परिणाम: एक अभ्यास'. 'एक अभ्यास' हे शेपूट सातही जणांना होतं.

"कसा परिणाम होतो?"

"वाईट, मॅडम."

"हे आधीच ठरलंय, तर मग संशोधन कशाला?"

"सबमिशनला."

मग मी फळ्यावर लिहिलं, 'साहित्याचा आढावा'. आपल्या विषयावर आधी कुणी काय लिहून ठेवलंय ते वाचून या, एवढंच सांगायचं होतं. आठवड्यानं एकीनं कुसुमाग्रजांपासून सुरुवात केलेली आठ पानं आणली. बारावीपर्यंत सायन्सला असलेल्या एकानं प्रॅक्टिकलच्या वहीत लिहायचा तसं लिहिलं होतं: 'साहित्य: पेन, वही, मोबाईल, प्रश्नावलीच्या ५० झेरॉक्स.' चूक त्यांची नाही. मराठीत साहित्य म्हटलं की एकतर संमेलन भरतं, नाहीतर कढईत पडतं.

त्यांना शोधगंगा दाखवली. देशभरातले पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. गंगेत बुडी मारली की पाप धुतलं जातं, हा संस्कार लहानपणापासूनचा. मुलांनी बुडी मारली आणि बाहेर येताना प्रत्येकानं एकेक प्रकरण काखेत मारून आणलं. मग यूजीसीचा २०१८ चा वाङ्मयचौर्याचा नियम वाचून दाखवला, दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दुसऱ्या दिवशी एकजण अहवाल घेऊन दारात हजर. "मॅडम, माझं सहाच टक्के आलंय. उरलेले चार कुठे वापरू?"

एकाच्या प्रकरणात तर उचलेगिरी औषधालाही नव्हती. भाषा इस्त्री केलेली, आकडे दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत. '२०२१ च्या जनगणनेनुसार' अशी सुरुवात होती. ती जनगणना कोविडमुळे झालीच नव्हती, हे मी सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पण मॅडम, एआयकडे आहे ती." त्याच्या संदर्भसूचीतलं एक पुस्तक मी ग्रंथालयात दोन तास शोधलं. कार्डांचे खण उपसले, ग्रंथपालांशी भांडले. पुस्तक कुणी लिहिलंच नव्हतं. नाव मात्र इतकं चांगलं होतं की कुणीतरी लिहायला हवं.

प्रश्नावलीचे दिवस आले. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली मोजपट्टी दिली: पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. लिकर्ट आमच्या तालुक्यात आला असता तर त्यानं सहावा पर्याय ठेवला असता, 'तुम्ही म्हणाल तसं'. इथे येणारी निम्मी उत्तरं त्याच खणातली असतात.

नमुना निवडीचा तास मी कधी विसरणार नाही. 'आता नमुना कसा निवडायचा ते पाहू,' म्हणाले मात्र, अख्ख्या वर्गानं वळून खिडकीजवळच्या एकाकडे पाहिलं. 'यादृच्छिक' शब्द सगळ्यांच्या जिभेवर बसेपर्यंत दोन तास गेले. गावातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी, असा अर्थ सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर एकीचे ५० फॉर्म आले. एकेचाळीस जणांचं आडनाव तिचंच.

"हा यादृच्छिक नमुना?"

"हो मॅडम. फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली. ज्यांना इच्छा झाली त्यांनी भरला."

अशा निवडीला पुस्तकात 'सोयीचा नमुना' म्हणतात. मी ते सांगितल्यावर तिनं समाधानानं लिहून घेतलं. आपण केलं त्याला शास्त्रात नाव आहे म्हणजे बरोबरच असणार.

शेवटी मी हट्टाला पेटले. १९३३ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं तिथल्या फळबाजाराची पाहणी छापली होती, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांनी केलेली. "ते बाजारात गेले, तुम्हीही जा," मी म्हटलं. "तेव्हा गुगल फॉर्म नव्हता ना, मॅडम," मागून आवाज आला. पण एक मुलगी गेली. प्रश्न साधा होता: रविवारच्या बाजारात यूपीआय कोण घेतं, कोण नाही? गृहीतक असं, की तरुण विक्रेते घेतात, म्हातारे घेत नाहीत.

तीन आठवड्यांनी ती डोळे पुसत आली. "मॅडम, माझं गृहीतक नापास झालं." सत्तरीच्या मेथीवाल्या आजींच्या तराजूला क्यूआर चिकटवलेला आणि शेजारचा चोवीस वर्षांचा कांदेवाला म्हणे फक्त रोख. मी तिला खुर्चीत बसवलं. गृहीतक नापास होतं तेव्हाच संशोधक पास होतो वगैरे सांगितलं आणि 'असं का?' हे विचारायला परत पाठवलं.

ती उत्तर घेऊन आली. कांदेवाल्याच्या क्यूआरचे पैसे बापाच्या खात्यात जातात, म्हणून तो रोख मागतो. आणि आजींचा क्यूआर पुण्यात शिकणाऱ्या नातवाच्या खात्याचा. इकडे मेथी विकली की तिकडे पोराच्या मेसचे पैसे परस्पर जमा! म्हणजे प्रश्न वयाचा नव्हताच, खातं कुणाचं याचा होता. मला भरून आलं. स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. चहा सांगायला गेले असताना ज्यांनी माझं नाव लिहिलं होतं, त्यांना जरा जास्तच मोठ्यानं. वर 'अस्सल क्षेत्रकार्य' असा शेरा मारून सही ठोकली.

त्या रविवारी मुद्दाम बाजारात गेले. तराजूवरचा क्यूआर दिसला, तशी ओळख काढली. "आजी, नातू काय म्हणतोय पुण्याचा?"

"मला कुठला नातू? तीन लेकी, अन् त्यांना बी समद्या पोरीच."

"अहो, पण आमच्या कॉलेजच्या मुलीला तुम्ही सांगितलंत…"

"ती व्हय! चार रविवार आली. ऐन गिऱ्हाइकाच्या टायमाला तास तास इचारीत बसायची. एक जुडी घेतली न्हाई बाई तिनं. पर नातवाचं सांगितलं तर लई खूश झाली, मग मी बी सांगत गेले."

माझी सही डोळ्यांपुढे नाचायला लागली. "मग खातं आहे तरी कुणाचं?"

आजींनी माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं.

"आदी मेथी घे. मग सांगते."

मी दोन जुड्या घेतल्या.