जर्मन बिल्ल्यांचा संग्रह : होतकरू छांदिष्टांसाठी मार्गदर्शन

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लष्करी बिल्ले जमवण्याचा छंद आपण लावून घेतला असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. या छंदात माणूस जस्त, पितळ, डाख आणि टाचणीची बिजागरी यांबाबत इतका काटेकोर होतो की, त्याला इतर कोणत्याही बाबतीत काटेकोर राहण्याची गरज उरत नाही.

सुरुवात आयर्न क्रॉसपासून करावी. प्रशियाच्या राजाने 1813 साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी हे पदक सुरू केले; 1870, 1914 आणि 1939 साली ते पुन्हा जाहीर झाले. शेवटच्या खेपेस दुसऱ्या श्रेणीचे क्रॉस लाखांनी वाटले गेल्यामुळे ते आजही सहज मिळतात. अस्सल क्रॉसमध्ये काळा रंग दिलेला लोखंडी गाभा असतो आणि चांदीच्या चौकटीचे दोन भाग त्याला पुढून-मागून धरून कडेला डाखाने जोडलेले असतात. भिंग लावून चौकटीवरच्या बारीक मण्यांची रांग कोपऱ्यात कशी वळते ते पाहावे, डाखाच्या रेषेवरून नख फिरवावे आणि शेवटी चुंबक लावावे. चुंबक चिकटले तर वस्तू अस्सल. न चिकटले तरी खचून जाऊ नये. समुद्राच्या हवेत गंज चढू नये म्हणून नौदलासाठी मुद्दाम पितळी गाभा वापरल्याचे विक्रेता आपण न विचारताच सांगतो आणि किंमतही त्या बेताने वाढवतो. ज्या परीक्षेत एकही उमेदवार नापास होत नाही, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

रिबिनीच्या कडीवरचा बारीक अंकही वाचावा. 4 असेल तर क्रॉस लूडेनशाइड गावच्या श्टाइनहाउअर उंड ल्यूक या कारखान्याचा. युद्धानंतरही हा कारखाना पदकेच घडवत राहिला. पश्चिम जर्मनीने 1957 साली कायदा करून जुन्या सैनिकांना आपली पदके नाझी स्वस्तिक वगळून लावण्याची मुभा दिली, तेव्हा त्याच क्रॉसवर मधोमध ओकची पाने आली. ही पानांची आवृत्ती कोणी दिली तर हसून परत करावी. जे चिन्ह खोडून टाकण्यासाठी एका देशाला कायदा करावा लागला, त्याच चिन्हाला बाजारात भाव आहे, एवढे व्यवहारज्ञान संग्राहकाला हवेच. जर्मनीत ते उघड मिरवणे आजही गुन्हा असल्याने विक्रेते छायाचित्रात त्यावर कागदाचा कपटा चिकटवतात. त्यामुळे कपटा दिसला की माल बरा आहे असे समजावे.

जखमींच्या बिल्ल्यांचे दरपत्रक तर फारच सोयीचे. एकदा-दोनदा जखमी झालेल्याला काळा, तीन-चार वेळा झालेल्याला किंवा हात, पाय अथवा डोळा गमावलेल्याला रुपेरी, आणि पाच किंवा अधिक जखमा झालेल्याला किंवा दोन्ही डोळे गेलेल्याला सोनेरी. बाजारानेही सरकारची ही प्रतवारी जशीच्या तशी स्वीकारली आहे. फक्त सोनेरी मुलामा उडालेला नाही ना, ते तेवढे पाहून घ्यावे.

आता नकली मालाविषयी. रिबिनीवर अतिनील दिवा धरावा. धागा निळसर चमकला तर तो युद्धानंतरचा, असे जाणकार सांगतात. मात्र जाणकारांवरही फार विसंबू नये. श्टुटगार्टचा कोनराड कूयाउ युद्धस्मृतींचा व्यापार करी आणि माल कमी पडला की स्वतःच घडवी. 1983 च्या एप्रिलमध्ये ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने 90 लाखांहून अधिक मार्क मोजून मिळवलेल्या हिटलरच्या रोजनिश्या जगापुढे ठेवल्या, त्या याच गृहस्थाच्या हातच्या होत्या. अक्षर तपासण्यासाठी तज्ज्ञांना जे ‘अस्सल’ नमुने देण्यात आले, त्यांतही कूयाउचे हस्तलेखन होते. तेव्हा अक्षर जुळले यात नवल नाही. दोन आठवड्यांच्या आत सरकारी दप्तरखान्याने कागदात युद्धोत्तर काळातले चमक आणणारे रसायन शोधून काढले आणि रंगाचा बेरंग केला. तुरुंगातून सुटल्यावर कूयाउने स्वतःच्या सहीनिशी नकली चित्रे विकली आणि तीही इतकी खपली की, पुढे त्यांच्याही नकला बाजारात आल्या. आपल्या संग्रहातील एखादी वस्तू कूयाउची निघाली, तर निराश होऊ नये. निदान तिचा कर्ता तरी नक्की ठाऊक आहे.

वस्तू घ्यावी, कथा घेऊ नये, असे जुने संग्राहक सांगतात, पण कथेशिवाय पाहुण्यांना काय दाखवणार? मराठी संग्राहकाची तर येथे चांगलीच सोय आहे. मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी खरोखर लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांनी 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चाल केली, तेथेच ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा गेल्या वर्षी घेतलेला बिल्ला ‘आमच्या आजोबांनी इटलीहून आणला’ असे बेधडक सांगावे. आजोबांचा स्वतःचा इटली स्टार, म्हणजे त्या मोहिमेचे ब्रिटिश पदक, माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, तर तो असू द्यावा. त्याला गिऱ्हाईक नाही.

सरतेशेवटी, हात बसल्यावर सैनिकाची ओळखपट्टी मिळवावी. ही लंबगोल पट्टी जस्ताची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असते. तिच्या मधोमध खाचांची रांग असते आणि दोन्ही अर्ध्यांवर पथक, क्रमांक आणि रक्तगट असा एकच मजकूर उमटवलेला असतो, नाव नसते. सैनिक मेला की खालचा अर्धा मोडून वरिष्ठांकडे जाई आणि वरचा प्रेताबरोबर राही. अर्धी पट्टी म्हणजे कोणीतरी त्या मरणाची नोंद केली होती. अखंड पट्टी जमिनीतून निघाली असेल, तर बहुधा नोंद करायला कोणी उरले नव्हते. म्हणूनच अखंड पट्टीला मागणी अधिक. ब्रँडेनबर्गमधल्या हाल्बेच्या जंगलात एप्रिल 1945 मध्ये वेढ्यात सापडलेले हजारो सैनिक आणि नागरिक मेले. तेथील दफनभूमीत वीस हजारांहून अधिक मृत आहेत आणि त्यांतले अनेक आजही बेनाव आहेत. जर्मन युद्धकबरींची संस्था असे सांगाडे काढून, पट्टीवरचा क्रमांक बर्लिनच्या नोंदींशी ताडून नातेवाइकांना कळवण्याचे काम करते, पण रात्री धातुशोधक घेऊन येणारे तिच्याआधी पोहोचतात, एवढी तत्परता त्यांच्यात आहे. त्यांच्याकडून घेताना पट्टीवरची माती धुऊ नये, भाव उतरतो. आणि क्रमांक बर्लिनला कळवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. तिकडून एखादे नाव आले, तर त्या नावाची मुलगी कोठेतरी जिवंत निघायची आणि पट्टी परत मागायची.