काजूबोंडाचा देठ आणि तुमचे जोडलेले हात

गेल्या रविवारी इथे सावंतवाडीच्या लाकडी फळांच्या सेटवर, म्हणजे कोरून रंगवलेल्या खेळण्यातल्या फळांवर, सविस्तर परीक्षण टाकलं होतं. ज्यांनी वाचलं त्यांचे आभार, ज्यांनी न वाचताच हात जोडले त्यांनाही नमस्कार. मी गप्पच बसणार होते. पण आज सकाळी मावशीचा फोन आला. "अगं, छान लिहिलंयस, पण त्या बिचाऱ्यांच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? आपली कला आहे. चार बरे शब्द लिहावेत." तेव्हापासून डोकं फिरलंय. कुकर लावायचाय, लागेल नंतर.

मावशीने निदान शेवटपर्यंत वाचलं. बाकीच्यांचं काय? "मस्त." "सुंदर." "किंमत?" "कुरिअरने मिळेल का?" आणि एकाने लिहिलं, "बालपण आठवलं." हा मित्र नागपुरात वाढला. सावंतवाडी त्याने पहिल्यांदा पाहिली ती गोव्याला जाताना, गाडीच्या खिडकीतून. बालपण म्हणे!

तर मी काय लिहिलं होतं ते पुन्हा सांगते. सेटमधलं काजूचं बोंड उलटं आहे. देठ बीच्या बाजूला लावलाय. बी बोंडाच्या खालच्या टोकाला असते आणि देठ वरच्या, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आंबा मात्र देखणा, हापूसचा खांदा बरोबर उतरलाय. सीताफळाचे डोळे इतके एका मापाचे की ते फळ न वाटता हातबॉम्ब वाटतो. फणस ठीक. केळ्याच्या देठाशी पुट्टी दिसते. लाकूड पांगारा, त्यामुळे सगळंच हाताला हलकं. पांगारा मऊ असतो, कोरायला सोपा, पण नीट वाळवला नसेल तर कीड धरते, म्हणून पावसाळा गेल्यावर पुन्हा बघून सांगेन असंही लिहिलं होतं. आणि रंगाबद्दल, त्याचं पुढे सांगते. एवढंच. यात कोणाच्या पोटावर पाय आला?

सावंतवाडीत ही फळं जिथे बनतात त्या चितार आळीतल्या आजोबांची गोष्ट मी पूर्वी सांगितली असेल, पुन्हा ऐका. पहिल्यांदा तिथे फळं घ्यायला गेले तेव्हा टोपलीतून एक केळं उचललं. पिवळंधमक, वर तपकिरी ठिपके, बघताक्षणी आवडलेलं. आत काम करत बसलेले आजोबा उठून आले, केळं माझ्या हातातून काढून घेतलं, दारातल्या उजेडात धरलं आणि म्हणाले, "ह्या केळा घेव नकात. ह्येचो बाक चुकलो हा." स्वतः केलेलं केळं! मग टोपली उलथीपालथी करून दुसरं काढून दिलं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला दिसलं. पहिलं मधेच मोडल्यासारखं वाकलं होतं, दुसऱ्याचा बाक देठापासून हळूहळू आलेला.

त्या माणसाला आपल्या मालातली खोट गिऱ्हाइकाला सांगताना संकोच वाटला नाही. आणि मी डोंबिवलीत बसून तेच केलं तर मी कलेची वैरीण.

मे महिन्यात एका चिमुकल्या धातूच्या गाडीवर मी पाच-सहा ओळी खरडल्या होत्या. पाच-सहा! काय तुटून पडला होतात. दारावरची छापील रेघ सरकलीय, आस वाकडा आहे, खिडकीचं प्लॅस्टिक धुरकट आहे, मागच्या वर्षीचा साचा बरा होता. मला समजावून सांगणारे दादा-काका तर रांगेने आले, "ताई, तुम्हाला यातलं फारसं माहीत नसेल" अशी सुरुवात करत. हॉट व्हील्सच्या कार्डावर ज्योत असली की ट्रेझर हंट, म्हणजे दुर्मिळ गाडी, रबरी टायर आणि चमकदार स्पेक्ट्राफ्लेम रंग असला की सुपर, म्हणजे त्याहून दुर्मिळ, हे तुमच्यातले निम्मे झोपेतही सांगतील. सात सेंटिमीटरच्या गाडीवरची अर्धा मिलिमीटर सरकलेली रेघ ज्यांना दिसते, त्यांना भलत्या टोकाला लागलेला देठ दिसत नाही?

दिसतो. पण बोलायचं नाही, कारण ती हस्तकला! गाडी ही वस्तू, तिच्यावर वाद घालता येतो. लाकडी फळ म्हणजे आजारी नातेवाईक, भेटायला जायचं आणि "छान दिसताय" म्हणून निघायचं.

बरं, परदेशी कंपनीला तुमच्या टीकेने शष्प फरक पडत नाही आणि चितार आळीतल्या घरगुती कारखान्याला पडू शकतो, हे मान्य. पण फरक पडतो म्हणूनच तर लिहायचं ना?

2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला (हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते) आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ती बातमी फिरवली होती. मीही घरभर नाचले होते. पण तो शिक्का वस्तू कुठली ते सांगतो. बाक बरोबर आहे का, ते बघायला आजोबाच लागतात.

आणि रंग. याचा मला खरा राग आहे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. ती हवीच होती, दोन खोल्यांत काम करणारं कुटुंब चाचण्यांचा खर्च कुठून करणार? पण मग रंग बघायचा कोणी? लाळ गाळणारं पोर फळ पहिलं तोंडातच घालतं. मी ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, तर डाळिंबाचा लाल फडक्यावर उतरला. हे ठळक लिहिलं होतं. त्यावर एकाही आईने, एकाही आजीने प्रश्न विचारला नाही. खाली काय आलं? "शोकेसमध्ये किती गोड दिसतील!"

म्हणजे मूल तुमच्या डोळ्यांसमोर नव्हतंच. खेळणं हे खेळण्यासाठी असतं, हेही आता मीच सांगायचं का?

कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांचं कौतुक मी परीक्षणात केलं म्हणून एक-दोघांनी नाक मुरडलं, तेही सांगून टाकते. तिथे काळ्या कुड्याचं लाकूड लेथवर फिरत असतानाच लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. ओल्या फडक्याला काही लागत नाही. सावंतवाडीला हे जसंच्या तसं जमणार नाही, कारण फणस किंवा केळं लेथवर गरगर फिरवून होत नाही, ते हाताने तासायचं आणि ब्रशने रंगवायचं काम. म्हणूनच तर ते जास्त अवघड! त्या अवघडाचं कौतुक करायचं तर आधी ते नीट बघावं लागेल, आणि बघितलं की खोटही दिसणारच. नुसतं कौतुक करायला डोळे लागत नाहीत.

गंजिफासुद्धा "सुंदर सुंदर" म्हणून टिकली नाही. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी ती जुन्या चिताऱ्याकडून स्वतः शिकून घेतली, राजवाड्यात कलाकार बसवून कामाला लावले. दशावतारी गंजिफात 120 गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. मत्स्याच्या पत्त्यावर कूर्म काढून बसलं तर डावच बंद. तिथे कोणी चिताऱ्याला "असू दे रे, छान आहे" म्हणालं असेल?

असो. फार चढा सूर लागला. तुम्ही वाईट माणसं नाही, मला माहीत आहे. दिवसभर ऑफिस, लोकल, घरचं करून रात्री कोणाला लाकडी केळ्याचा बाक बघायचाय? परीक्षण लांब होतं, तेही खरं. आणि एक प्रतिसाद असा आला की सगळा आठवडा वसूल झाला. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सहावीतल्या मुलीने फोटो पाहून विचारलं, "मावशी, सगळ्या फळांची बी आत असते, मग काजूचीच बाहेर का लोंबते?" मी तिला सांगितलं की ज्याला आपण फळ म्हणतो ते बोंड म्हणजे फुगलेला देठच, खरं फळ ती बीच. ती म्हणाली, "मग यांनी देठाच्या देठाला चुकीच्या बाजूला देठ लावलाय!" अख्ख्या मित्रयादीत ही एकटीच वाचक. तिचं अकाउंटसुद्धा नाही.

आजोबांनी त्या दिवशी आणखी एक वाक्य टाकलं होतं, केळं कागदात गुंडाळता गुंडाळता: "लोका रंग बघतत. हातात धरून कोण बघता?" मी तेव्हा हसले होते. आज मावशीला हेच ऐकवलं तर ती म्हणाली, "ते कारागीर आहेत गं, त्यांना अधिकार आहे. तू कोण?" घ्या! मी गिऱ्हाईक आहे, मावशी. रोख पैसे मोजलेत. घरात खेळण्यांची तीन कपाटं आहेत आणि त्यातलं प्रत्येक मी हातात धरून बघितलंय. अजून कसला अधिकार लागतो?

आणि ज्यांच्या पोटावर मी पाय दिला म्हणतेस, त्या दुकानाला मी परीक्षण रविवारीच पाठवलं होतं. बोंडाचा, डाळिंबाचा, सगळा मजकूर, काही न वगळता. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं: "काजूचा बघतव, मॅडम. लाल रंग खंयचो वापरलो तो इचारून सांगतंय." ना राग, ना रुसवा. रुसलात ते तुम्ही, ज्यांनी ते फळ हातातही घेतलेलं नाही.

पुढच्या रविवारी पितळी भातुकलीवर लिहिणार आहे. जातं चांगलं आहे, खालची तळी वरच्याशी नीट बसते. बंबाची तोटी फिरत नाही. ज्यांना फक्त हात जोडायचेत त्यांनी आत्ताच जोडून घ्या.