फी माफ झाली, पोट कोण माफ करणार?

"ताई, तुमची फी तर माफ आहे. मग एज्युकेशन लोन कशाचं पाहिजे?"

बँकेत ज्या ज्या टेबलासमोर बसले तिथं हेच ऐकलं. आता परत कुणी विचारलं तर माझ्या तोंडून काय बाहेर पडेल याचा भरवसा नाही. कशाचं म्हणजे? जेवायचं. झोपायचं. सोलापुरात सासूबाईंजवळ ठेवून आलेल्या पोराच्या शाळेचं, त्याच्या दप्तराचं, त्याला ताप आला की डॉक्टरचं. कॉलेजची फी माफ झाली म्हणजे माणसाची भूक पण माफ होते, असा कुठला जीआर निघालाय का?

मी ३१ वर्षांची आहे. बीसीए झाल्यावर लग्न, मग पोरगं, मग अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्याकडं बिलिंग आणि स्टॉक बघायची नोकरी. महिना १८,०००. नवरा यंत्रमागावर. माग चालू असला तर मजुरी, मंदी आली की माग बंद आणि माणूस घरी. म्हणजे घरात महिन्याच्या महिन्याला ठरलेला पैसा आणणारी मीच. सीईटी दिली, एमसीएला पुण्यात नंबर लागला. (सोलापुरात कॉलेजं नाहीत का, असं विचारणारे आलेच असतील आतापर्यंत. आहेत. पण शिकून झाल्यावर नोकरी शोधायला पुण्यालाच जायचंय ना? सोमवारी सकाळी पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस कुणी भरते ते एकदा स्टेशनवर येऊन बघा, मग बोलू.)

राज्य सरकारनं २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, ते आमचं आहेच, अगदी लांब आत आहे. योजना चांगली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. तिच्यामुळंच फॉर्म भरायचं धाडस केलं. पण तिचा फायदा घेतलेली बाई बँकेत गेली की साहेब लोकांच्या चेहऱ्यावर एक विचित्र समाधान येतं. "झालं ना मग फुकटात!"

फुकटात? माझा हिशोब ऐका. कॉट बेसिसवर, म्हणजे खोली नाही, एक कॉट तेवढी भाड्यानं, महिना ५,५००. मेस ३,२००. विकास शुल्क आणि बाकीची शुल्कं माफीत बसत नाहीत, ती वेगळी. पण हे सगळं एकीकडं ठेवा, खरा आकडा कुणी धरतच नाही. दोन वर्षं मी पगार सोडलाय. १८,००० गुणिले २४. चार लाख बत्तीस हजार. माझ्या शिक्षणाचा सगळ्यात मोठा खर्च हा आहे, आणि त्याला कर्जाच्या फॉर्मवर जागाच नाही. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर अठरा वर्षांचा पोरगा आहे. त्याचे वडील पगारदार, आई डबा भरून देते, फी तेवढी भरली की झालं. तिशीतली बाई, जिच्या पगारावर चार माणसं जेवतात, ती पण विद्यार्थी असू शकते हे त्या फॉर्मच्या डोक्यातच आलेलं नाही.

आता नियमाचं सांगते, कारण मी तो वाचून गेले होते. बँकांच्या संघटनेची, म्हणजे आयबीएची, शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आहे, बहुतेक सरकारी बँका तिच्यावरच चालतात. त्यात फीबरोबर हॉस्टेल आहे, पुस्तकं आहेत, कॉम्प्युटर आहे, गणवेशसुद्धा आहे. हॉस्टेल मिळालं नाही आणि बाहेर राहावं लागलं तर राहण्याजेवणाचा वाजवी खर्च धरावा, हे पण आहे. चार लाखांपर्यंत तारण नाही, स्वतःचा हिस्सा घालायची गरज नाही. लग्न झालेल्या बाईला सहकर्जदार म्हणून नवरा किंवा सासूसासरे चालतात. सगळं लिहिलेलं आहे. मी चार लाखांच्या आतच मागत होते, तेही हप्त्याहप्त्यानं.

मग सुरू झालं. नवऱ्याची सॅलरी स्लिप आणा. अहो, आठवड्याच्या शेवटी नगावर हिशोब होतो, रोख हातात पडते, स्लिप कुठली? मग आयटीआर आणा. मग घर स्वतःचं आहे का? (तारण नको ना चार लाखांपर्यंत? "नाही, असंच विचारलं.") मग रूमचा रजिस्टर्ड भाडेकरार आणि मालकिणीचं पॅन. एका खोलीत चार कॉट टाकून भाडं घेणारी बाई मला पॅन देईल? मी मागितलं तर तिनं दुसऱ्या दिवशी कॉट रिकामी करायला सांगितली असती. मेसचं बिल आणा म्हणाले, तर मेसवाल्या काकूंनी बिचाऱ्यांनी वहीच्या पानावर महिन्याचा हिशोब लिहून, सही करून दिला. साहेबांनी ते पान दोन बोटांच्या चिमटीत धरलं, मेलेलं झुरळ धरल्यासारखं, आणि परत दिलं. "जीएसटी नंबर नाही यावर."

पुण्यातली शाखा म्हणते घराजवळच्या शाखेत जा. घराजवळची शाखा म्हणते कॉलेज पुण्यात आहे तर तिथं विचारून बघा. बरं, नाही म्हणायचं तर लेखी म्हणा. अर्ज नाकारायचा असेल तर वरच्या अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते आणि कारण कळवावं लागतं, म्हणून लेखी मागितलं. त्यावर काय उत्तर? "अहो, मी नाही कुठं म्हणालोय?" हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. माझी फाईल अजून त्यांच्या कपाटात आहे आणि माझं दुसरं सेमिस्टर चालू आहे.

पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे ना, असं सांगणारे पण भेटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तारण नको, जामीनदार नको, सगळं खरं. पण निवडक संस्थांची यादी आहे आणि माझं कॉलेज त्यात नाही. विषय संपला.

मग मी काय केलं? जे सोलापुरातली कुठलीही बाई करते तेच. मंगळसूत्र सोडून अंगावरचं सगळं गोल्ड लोनला. तिथं कुणी विचारलं नाही की ताई, पैसे कशाला पाहिजेत. वजन केलं, पैसे दिले. शैक्षणिक कर्जात कोर्स संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, इथं व्याज पहिल्या महिन्यापासून डोक्यावर. म्हणजे जिला कोर्स संपेपर्यंत पगारच नाही तिच्याकडूनच आत्ताच्या आत्ता वसुली, आणि कर्ज "फक्त शिक्षणासाठीच" वापरलं जावं म्हणून ज्यांनी मला परत पाठवलं ते नियम पाळल्याच्या आनंदात.

त्यात घरचे. त्या पैशातले दर महिन्याला चार हजार मी सोलापूरला पाठवते, हे आमच्या जाऊबाईंना कळलं. लगेच सगळ्या वाड्यात, "शिक्षणाच्या नावावर पैसे काढून घर चालवतेय." हो, चालवतेय! पोराच्या शाळेची फी थकली आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या बंद पडल्या तर मी पुण्यात बसून डेटा स्ट्रक्चर शिकणार आहे का? पहिल्या गाडीनं परत येईन. घर चाललं तरच माझा वर्ग चालतो, यात न कळण्यासारखं काय आहे?

आमच्या बॅचमधल्या एकीची बहीण अमेरिकेत शिकते. तिच्याकडून कळलं, तिथल्या नागरिकांना सरकारी कर्ज मिळतं तेव्हा कॉलेज वर्षाचा एकूण खर्च ठरवतं, त्यात राहणं, जेवण, प्रवास, आणि मूल असेल तर त्याच्या पाळणाघराचा खर्चसुद्धा धरता येतो. फी वजा करून उरलेले पैसे विद्यार्थ्याच्या हातात. आपल्याकडच्या पोरांना ते कर्ज मिळत नाही ही गोष्ट वेगळी. तिथं सगळं गोड आहे असंही नाही, लोक म्हातारे होईपर्यंत फेडत बसतात. २०२५ च्या कायद्यानं पदव्युत्तरवाल्यांचं खर्चाइतकं काढता येणारं कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या लोकांसाठी बंद केलंय, बहुतेकांना वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा. पण निदान शिकणाऱ्या बाईला पोर असू शकतं, हे कुणीतरी कागदावर मान्य केलं होतं!

शेवटच्या साहेबांनी सल्ला दिला, "पार्टटाईम करा ना काहीतरी." सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच कॉलेज, ७५ टक्के हजेरी सक्तीची, वर असाइनमेंट. कधी करू? "रात्रीचं कॉल सेंटर असतं की पुण्यात." आणि मग त्याच दमात कौतुकानं सांगितलं की त्यांचा मुलगा परदेशात एमएस करतोय, कर्ज काढूनच. परदेशी शिक्षणाच्या कर्जात प्रवासखर्च धरतात, त्यामुळं त्याचं विमानाचं तिकीटसुद्धा त्यातच बसलं म्हणे. माझ्या हुतात्माच्या तिकिटाला मात्र फॉर्मवर रकाना नाही.