मागचं फाटक

मार्चमध्ये आई पुण्याहून आमच्याकडे आली, उत्तर व्हर्जिनियात. झोपेचं वेळापत्रक उलटंपालटं झालेलं, त्यामुळे पहाटेच उठून खिडकीशी बसायची. मागच्या कुंपणापलीकडे किराणा दुकानाची पाटी दिसते, असेल दीडशे मीटरवर. "दूध मीच आणते," म्हणाली. तिला सांगावं लागलं की रस्त्याने ते दुकान अडीच किलोमीटर आहे. आमची गल्ली पुढे बंद होते, शेजारचीही होते, आणि सगळ्या गल्ल्यांची तोंडं एकाच मोठ्या रस्त्यावर उघडतात.

"मग कुंपणाला एक फाटक का नाही ठेवलं?"

फूटपाथ आमच्याकडे उत्तम आहे. सपाट, स्वच्छ, एक फरशी हललेली नाही. पण त्यावर दिसतात ती कुत्री फिरवणारी माणसं. कामासाठी चालणारं कोणी नाही, कारण चालत पोहोचावं असं ठिकाणच जवळ येत नाही.

म्हणूनच पुण्यातला वाद मला अपुरा वाटतो. 2021 मध्ये 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन सुरू झाला. तेव्हापासून पार्किंग, दुकानदारांचा धंदा, फूटपाथची रुंदी यांवर वाद चालू आहे. तो व्हायलाच हवा. पेठांत माणसं गाड्यांच्या मधून जीव मुठीत धरून चालतात. पण चालतात तरी! शनिपारापाशी आत शिरायचं, तुळशीबागेतून मंडईला निघायचं. एक बोळ तुंबला तर दुसरा आहे.

पुण्याला लागून असलेल्या वाकडला भावाच्या सोसायटीत ही आरपार निघायची सोय संपली. बसथांबा भिंतीच्या अगदी मागे, पण मागच्या गेटला सुरक्षेसाठी कायम कुलूप. पुढून गेलं की पंधरा मिनिटांचा वळसा. घरकामाला येणाऱ्या बायकांनी भिंतीच्या वरच्या विटा काढून खाली सिमेंटचा ब्लॉक लावला होता. साडी खोचून, एका हाताने भिंत धरून उतरायच्या. गेल्या वर्षी तिथे काटेरी तार आली. अशी एकेका सोसायटीची भिंत पुढच्या भिंतीला लागत गेली, की तिथे कितीही रुंद फूटपाथ बांधा, लोक दुचाकीच काढणार.

अमेरिकेत याचा धडा उघड्यावर पडलेला आहे. पोर्टलंडच्या मध्यभागात दोन रस्त्यांमधला इमारतींचा ठोकळा साधारण 61 मीटरचा, सॉल्ट लेक सिटीच्या जुन्या भागात 200 मीटरचा. दोन्हीकडे रस्ते काटकोनातच, पण पोर्टलंडमध्ये पावलोपावली वळता येतं. आमच्या व्हर्जिनियाने 2009 मध्ये नियम केला: नव्या वसाहतीचे रस्ते आजूबाजूला जोडलेले नसतील, तर सरकार त्यांची देखभाल स्वीकारणार नाही. बिल्डरांनी ओरड केली, पुढे अटी सैलही झाल्या. तरी सरकारने दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

आपल्याकडे मोठ्या भूखंडाचा लेआउट मंजूर करतानाच महापालिकेने आरपार पायवाट मागायला हवी. गाड्यांना नको, फक्त माणसांना. सुरक्षेची भीती खोटी नाही, एकट्या राहणाऱ्या आज्या-आजोबांचा जीव त्यात गुंतलेला असतो. पण जिथून दिवसभर ओळखीची माणसं येतात-जातात, ती वाट मला कुलूपबंद, ओसाड गेटापेक्षा सुरक्षित वाटते.

आई परतल्यावर भावाने सोसायटीच्या सभेत विषय मांडला: मागचं गेट सकाळी सहा ते रात्री दहा उघडं, गेटावर एक रखवालदार. पहिल्या सभेत त्याच्या बाजूने नऊ हात वर झाले. पुढची सभा दिवाळीनंतर आहे.