चौकशीच्या खोलीत तिसरा माणूस हवा

सोलापुरात एखादी मोठी घरफोडी झाली, सराफाच्या दुकानावर डल्ला पडला किंवा एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, की घरोघरी होणाऱ्या चर्चेचा सूर बहुधा एकच असतो. ताब्यात घेतलेल्याला पोलिसी खाक्या दाखवावा, म्हणजे तो आपोआप कबूल होईल. शाळेतले मित्र आणि नातेवाईक फोनवर हेच बोलतात आणि मी हरकत घेतली की उत्तर येते, ‘तुला इंग्लंडात बसून हक्कांच्या गोष्टी सुचतात, इथे राहून बघ.’ या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवे, कारण तो करणारी माणसे दुष्ट नाहीत. त्यांना न्याय हवा आहे आणि न्यायालयात तो वेळेवर मिळेल असा भरवसा त्यांना उरलेला नाही.

मी बर्मिंगहॅममध्ये राहतो. या शहराला जबरदस्तीच्या कबुलीची किंमत चांगली ठाऊक आहे. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी इथल्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे मारली गेली. लोकांचा संताप अनावर होता. सहा आयरिश पुरुष पकडले गेले, त्यांपैकी चौघांनी कबुलीजबाबांवर सह्या केल्या आणि पुढच्या वर्षी सहाही जणांना जन्मठेप झाली. आपल्याला मारहाण झाली, झोपू दिले नाही, असे ते न्यायालयात सांगत होते, पण त्या वेळी ते कोणाला ऐकायचे नव्हते. मार्च १९९१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या शिक्षा रद्द केल्या, तोवर त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यानंतर या हत्यांसाठी दुसऱ्या कोणालाही शिक्षा झालेली नाही. ज्या घरांतली माणसे गेली त्यांनाही त्या कबुलीजबाबांनी काहीच दिले नाही. आरोपीच्या हक्कांची बाजू घेणे म्हणजे पीडितांकडे पाठ फिरवणे, असे ज्यांना वाटते त्यांनी एवढ्या एका गोष्टीचा तरी विचार करावा.

अशाच प्रकरणांतून शिकत इंग्लंडने चौकशीची पद्धत बदलली. १९८४ च्या कायद्यानुसार ठाण्यात आणलेल्या माणसाची जबाबदारी एका वेगळ्या अधिकाऱ्याकडे असते आणि त्या अधिकाऱ्याचा तपासाशी संबंध नसतो. वकील मोफत मिळतो, रात्रीसुद्धा. चौकशीचे ध्वनिमुद्रण होते. मी अधूनमधून दुभाषी म्हणून अशा चौकशांना बसतो. मुद्रण सुरू झाले की खोलीतला प्रत्येक जण आपले नाव सांगतो, बोलण्याची सक्ती नाही हे संशयिताला त्याच्या भाषेत समजावले जाते, आणि वकिलाशी एकांतात बोलायचे असेल तर पोलीस मुद्रण थांबवून बाहेर जातात. इथले सगळे आदर्श आहे असे मी म्हणत नाही. १९९४ च्या कायद्यानुसार इथे आरोपीच्या मौनाचा अर्थ न्यायालय त्याच्या विरोधातही लावू शकते, आणि ती तरतूद मला चुकीची वाटते.

त्या बाबतीत आपला कायदा अधिक खंबीर आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि हे संरक्षण पोलीस चौकशीतही लागू होते असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी प्रकरणात स्पष्ट केले. २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीशिवाय नार्को चाचणीही बंद केली. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही, हा नियम तर १८७२ च्या पुरावा कायद्यातही होता आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे.

मग मारहाण कशासाठी होते? याच नियमाला एक अपवाद आहे, जुन्या कायद्याचे कलम २७, जे नव्या अधिनियमातही टिकून आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून चोरीच्या तपासात सगळा भर ‘रिकव्हरी’वर असतो. दागिना, हत्यार किंवा मोटारसायकल हाती लागली आणि पंचांच्या सह्या झाल्या की तपास लागला. ती माहिती कोणत्या उपायांनी बाहेर काढली, हे पंचनाम्यात कधीच लिहिलेले नसते. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, ते चांगलेच झाले. पण त्याआधीच्या चौकशीचे चित्रीकरण सक्तीचे केले नाही. सांगली आपल्यापासून फार दूर नाही. तिथे २०१७ मध्ये कोठडीत एका तरुणाचा जीव गेला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला.

सोलापूरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टींचा विचार करावाच लागतो. पहिली म्हणजे आपली सेटलमेंट. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना या शहरात तारेच्या कुंपणात ठेवले होते. ते कायदे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेले, तरी चोरी झाली की पहिला संशय पारधी वस्तीवरच घेतला जातो आणि आपल्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बजावावे लागले. दुसरी गोष्ट भाषेची. पूर्वभागात विडी वळणारी किंवा यंत्रमागावर राबणारी कितीतरी माणसे घरात तेलुगू बोलतात, कितीतरी कन्नड बोलतात. मराठीत लिहिलेला जबाब त्यांना कोण वाचून दाखवतो, आणि वाचला तरी नेमका काय समजतो?

म्हणून काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. ‘साहेबांनी बोलावलंय’ एवढ्या निरोपावर न जाता लेखी नोटीस मागता येते. साक्षीदार म्हणून बोलावताना स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसे यांना ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर, तो देणाऱ्याची सही घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नये. अटकेचे कारण सांगणे आणि नातेवाइकांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटक झालेल्याला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटता येते. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. मार बसला असेल तर तो तिथेच, पोलीस शेजारी उभे असतानाही, स्पष्ट सांगावा आणि वैद्यकीय तपासणी मागावी. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.

पण ज्याच्या पाठीवर पट्टा पडतो आहे त्याला कलमे आठवत नाहीत, आणि आठवली तरी ती बोलून दाखवण्याची त्याची छाती होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने वकिलाला भेटण्याची मुभा दिली, पण चौकशी संपेपर्यंत त्याने तिथे बसावे असे म्हटले नाही, आणि नव्या संहितेनेही तीच मर्यादा ठेवली आहे. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. इंग्लंडमधले पोलीस स्वभावाने आपल्या पोलिसांपेक्षा सज्जन आहेत असे मला इतक्या चौकशा बघून वाटत नाही. त्यांच्यासमोर वकील बसलेला असतो, मुद्रण चालू असते आणि उद्या ते न्यायालयात ऐकले जाणार हे त्यांना ठाऊक असते. त्यामुळे त्यांना प्रश्नांची तयारी करूनच यावे लागते. आपल्या हवालदाराला अपुरी माणसे, बंदोबस्ताची ड्युटी आणि वरून ‘दोन दिवसांत लावा’ असा दबाव यांतून तपास करावा लागतो. हे सगळे खरे आहे. पण त्यासाठी जास्त तपास अधिकारी मागावेत, मारण्याची सूट मागू नये.

प्रत्येक ठाण्यात, चौकशीच्या खोलीसह, कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण किमान वर्षभर जपले पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. अटकेच्या आधीपासून ठाण्यावर मोफत वकील मिळावा, अशी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१९ ची योजना आहे. सोलापुरातल्या वकील मंडळींनी आणि लोकप्रतिनिधींनी आयुक्तालयाला याचा हिशेब जाहीरपणे मागावा: कोणत्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे, आज रात्री बोलावल्यास कोणता वकील येईल, आणि तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या माणसाचा जबाब घेताना दुभाषी कोण असेल. ही यादी मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये प्रत्येक ठाण्याच्या दारावर लागली पाहिजे.