उणे चाळीस, राजाराम पूल

पुण्यातली आजवरची सर्वांत कडाक्याची थंडी १७ जानेवारी १९३५ ची. १.७ अंश सेल्सिअस. एप्रिलमधल्या एका दुपारी राजाराम पुलाच्या सिग्नलला आमच्या गाडीने हा विक्रम जवळजवळ ४२ अंशांनी मोडला. पडद्यावर बाहेरचं तापमान स्वच्छ अक्षरांत उणे ४०. बाहेर उसाच्या रसाला रांग लागलेली, आणि गाडीतला एसी बंद.

बंद पडला नव्हता, त्याने काम नाकारलं होतं. आत किती गारवा हवा एवढंच आपण सांगायचं, बाकी सगळं गाडी बघते, असा हा स्वयंचलित कारभार. बाहेर फारच थंडी असेल तर कॉम्प्रेसर लावायचा नाही, ही तिला कारखान्यातूनच मिळालेली शिकवण. उणे चाळीसमध्ये आमचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून ती बिचारी गरम हवा सोडत होती.

"अहो, काच खाली करता की मी उतरू?" ही म्हणाली.

चिरंजीवांनी मागून हात घालून सेटिंगमध्ये सेल्सिअसचं फॅरनहाइट केलं. आकडा जागचा हलला नाही. दोन्ही मापं जिथे एकमेकांना भेटतात ती जागा नेमकी उणे ४०. अख्ख्या तापमापीत अशी एकच जागा आहे आणि आमच्या गाडीने तीच धरली होती.

सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने बॉनेटही न उघडता निदान केलं, "सेन्सर गेला." नवा बसवला. उणे ४०. "मग पॅनल गेलं." पॅनलचा भाव त्याने कागदावर लिहून पुढे सरकवला, तोंडाने सांगायची त्याचीही छाती झाली नसावी. मी जुना सेन्सर तेवढा मागून घेतला. पैसे मोजून बदललेली वस्तू तिथेच सोडून येणं आमच्या घराण्यात नाही.

तळमजल्यावरचे काका हवामान खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी मोठ्या आशेने गाठलं.

"कुठे बसवतात हा?" त्यांनी विचारलं.

"बंपरच्या आत, जाळीमागे."

काकांनी डोळे मिटून घेतले. "अरे, हवेचं तापमान मोजतात पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत. जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, दार उत्तरेला. आणि तुम्ही मोजणार डांबरापासून वीतभर वर, इंजिनाच्या तोंडाशी?"

गाड्या बनवणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक आहे, हे मी त्यांना सांगून बघितलं. गाडी उभी असली की इंजिनाची धग सेन्सरला लागते. म्हणून बऱ्याच गाड्या वेग घेतल्याशिवाय चढलेला आकडा खरा मानतच नाहीत.

"म्हणजे सिंहगड रस्त्यावर सकाळचा आकडा रात्रीपर्यंत," काका म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

शेवटी तपकीर गल्लीतून विद्युतरोध मोजणारा मल्टीमीटर आणला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. हा सेन्सर म्हणजे दोन तारांचा थर्मिस्टर. थंडी वाढली की त्याचा विद्युतरोध वाढतो, उष्णतेने उतरतो. जुन्या सेन्सरला बर्फाच्या पाण्यात बुडवलं, ओहम चढले. कोमट पाण्यात घातलं, मुकाट उतरले. पुन्हा बर्फात, पुन्हा चढले. इतका आज्ञाधारक प्राणी आमच्या घरात दुसरा नाही. "त्या भांड्यात मी आता चहा करणार नाही," एवढा एकच प्रतिकूल शेरा आला.

मग उणे ४० आलं कुठून? तार तुटली की विद्युतरोध अनंत. रोध अनंत म्हणजे थंडी अनंत, असा गाडीचा हिशेब. अनंत काही पडद्यावर मावत नाही, म्हणून तिच्या यादीतला सर्वांत खालचा आकडा ती दाखवते. गाडी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती की तार तुटली आहे. फक्त सांगत होती अंशांत.

नाना पेठेतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हे सगळं समजावायला मी तोंड उघडलं, तोवर त्याने सेन्सरचा कनेक्टर काढून त्याच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडल्यासुद्धा. तिथपर्यंतची वायर धड असती तर आकडा एकदम वर, भट्टीला जाऊन भिडायला हवा होता. किल्ली फिरवली. उणे ४०.

"सेन्सर साव आहे, साहेब. चोरी वायरीत आहे."

बंपर उतरवल्यावर डाव्या दिव्यामागे एक सुसज्ज संसार निघाला: कापूस, शेंगांची टरफलं, कुठल्याशा लग्नपत्रिकेचा कोपरा. दोन्ही वायरी दातांनी कातरलेल्या. गणपतीच्या वाहनाने आमचं वाहन खाल्लं होतं. इलेक्ट्रिशियनने वायरींना डाख दिला, वर टेप गुंडाळली आणि सांगितलेले पैसे इतके कमी होते की घासाघीस करायची सोयच उरली नाही.

घरी येईपर्यंत आकडा ३९ वर स्थिरावला, एसी थंडगार. काका फाटकात उभेच होते. त्यांना मुद्दाम बोलावून पडदा दाखवला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला.

"शिवाजीनगर वेधशाळा ३८.२," ते म्हणाले. "उणे चाळीस होतं तेव्हा निदान त्यावर कोणी विश्वास तरी ठेवत नव्हतं."